ॲपमध्ये वेळ साडेपाच तासांनी का चुकते? कोडमधले टाइम झोन समजून घ्या

समजा तुमचा मामा दुबईत आहे. ३१ डिसेंबरला रात्री साडेदहाला त्याने तुम्हाला नवीन वर्षाच्या शुभेच्छा पाठवल्या. तुमच्या फोनवर त्याच मेसेजखाली रात्रीचे बारा आणि १ जानेवारी ही तारीख दिसते. मामाच्या फोनवर मात्र अजून जुनंच वर्ष चालू आहे. मेसेज एकच, पाठवल्याचा क्षणही एकच, तरी दोन फोनवर वेळ, तारीख, महिना आणि वर्ष असं सगळंच वेगळं. आणि गंमत म्हणजे दोन्ही फोन बरोबर आहेत.

हे बरोबर दाखवणं बाहेरून जेवढं सोपं वाटतं, तेवढं कोडमध्ये सोपं नसतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि वेळेशी संबंधित बग्ज हे माझ्या कामात वर्षभर भेटणारे पाहुणे आहेत. तुम्ही कोडिंग शिकत असाल, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ॲप बनवत असाल किंवा नुसतंच 'आपल्या फोनला हे कळतं कसं' असा प्रश्न पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. यात आपण टाइम झोन म्हणजे नक्की काय, वेळ साठवायची कशी, दाखवायची कशी आणि चुकली तर चूक शोधायची कशी हे क्रमाने पाहू.

क्षण वेगळा, घड्याळातली वेळ वेगळी

सगळ्यात आधी ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. 'क्षण' म्हणजे जगात सगळीकडे एकदाच घडणारी गोष्ट. तुम्ही पैसे पाठवायचं बटण दाबलं, तो क्षण. 'घड्याळातली वेळ' म्हणजे त्या क्षणी एखाद्या गावातल्या भिंतीवरच्या घड्याळात जे दिसतं ते.

एक उदाहरण घेऊ. भारतात १ जानेवारी २०२६ चे रात्रीचे ठीक १२ वाजले, त्याच क्षणी इतर ठिकाणी काय वाजले होते पाहा:

- काठमांडू: १ जानेवारी, रात्रीचे १२:१५
- सिडनी: १ जानेवारी, पहाटेचे ५:३०
- दुबई: ३१ डिसेंबर, रात्रीचे १०:३०
- लंडन: ३१ डिसेंबर, संध्याकाळचे ६:३०
- न्यूयॉर्क: ३१ डिसेंबर, दुपारचे १:३०

क्षण एक, घड्याळं पाच. म्हणून कॉम्प्युटर क्षण साठवताना कुठल्याच गावचं घड्याळ वापरत नाही. तो यूटीसी नावाची जगाची सामायिक वेळ धरतो. बऱ्याच सिस्टिम्स त्याहून सोपं करतात: १ जानेवारी १९७० ला यूटीसीनुसार मध्यरात्र झाली तेव्हापासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा ठेवतात. याला युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणतात. वरच्या उदाहरणातल्या क्षणाचा आकडा आहे १७६७२०५८००. हा आकडा पुण्यातही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच. आकड्याला टाइम झोन नसतो. टाइम झोन लागतो तो हा आकडा माणसाला वाचता येईल अशा वेळेत बदलताना.

ऑफसेट म्हणजे टाइम झोन नव्हे

भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ती ठरते आणि हा रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. हा जो '+५:३०' आकडा आहे त्याला ऑफसेट म्हणतात.

आपण भारतात राहतो, म्हणून आपल्याला वाटतं की ऑफसेट आणि टाइम झोन एकच. पण भारतीय डेव्हलपर सर्वात जास्त फसतो तो इथेच. आपल्याकडे घड्याळ वर्षभर हलत नाही. अमेरिकेत आणि युरोपात ते वर्षातून दोनदा हलतं. त्याला डेलाइट सेव्हिंग म्हणतात. अमेरिकेत २०२६ साली ८ मार्चला रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर जातं, तर १ नोव्हेंबरला रात्री दोनचं पुन्हा एक होतं. म्हणजे ८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे अडीच वाजतच नाहीत आणि १ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजतो!

याचा आपल्याशी संबंध काय? न्यूयॉर्कच्या टीमची मीटिंग त्यांच्या सकाळी ९ ला असेल, तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला येते आणि हिवाळ्यात ७:३० ला. आयटीत काम करणाऱ्या दादा-ताईला विचारा, नोव्हेंबरपासून घरी यायला उशीर का होतो ते. त्यात युरोपात घड्याळ २९ मार्चला हलतं. म्हणजे मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरकही चारच तासांचा असतो.

म्हणून टाइम झोन म्हणजे एक आकडा नाही. टाइम झोन म्हणजे एखाद्या भागात घड्याळ कधी, किती आणि कुठल्या नियमाने हललं याची पूर्ण वही. ही वही जगासाठी एका डेटाबेसमध्ये ठेवलेली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पॉल एगर्ट त्याचं समन्वयाचं काम बघतात आणि २०११ पासून तो आयएएनए या संस्थेकडे आहे. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स हे सगळे तोच वापरतात. त्यात प्रत्येक झोनला खंड आणि शहराचं नाव असतं: 'अमेरिका/न्यूयॉर्क', 'युरोप/लंडन' आणि आपल्यासाठी 'एशिया/कोलकाता'. मुंबई किंवा दिल्लीचा वेगळा झोन नाही, कारण पूर्ण देशात एकच घड्याळ चालतं. जुन्या सिस्टिममध्ये 'एशिया/कलकत्ता' दिसलं तर घाबरू नका, ते याच झोनचं जुनं नाव आहे आणि अजूनही चालतं.

'आयएसटी' हे तीन अक्षरी नाव मात्र कोडमध्ये टाळा. आपल्यासाठी ते इंडियन स्टँडर्ड टाइम आहे, पण इस्रायल आणि आयर्लंडची वेळही याच तीन अक्षरांत लिहितात. कॉम्प्युटरने कोणता देश समजायचा?

ही वही सारखी बदलत असते, कारण घड्याळ हलवायचं की नाही हे सरकारं ठरवतात. सामोआ या देशाने तारखेची रेषा ओलांडायची म्हणून ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळून टाकला. तिथे २९ नंतर थेट ३१ तारीख आली. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने घड्याळ पुढे करणं ऐनवेळी लांबवलं. काहींनी ते पाळलं, काहींनी नाही. काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या आणि शेवटी निर्णय मागे घ्यावा लागला. कोडमध्ये स्वतःच्या हाताने '+५:३०' किंवा '-५' लिहिलं की या सगळ्या बदलांपासून तुमचं ॲप तुटतं. झोनचं नाव लिहिलं की अपडेटसोबत नवे नियम आपोआप मिळतात.

भारताचं घड्याळही कायम साडेपाचवर नव्हतं

'आमचं ॲप फक्त भारतात चालणार, मग +५:३० लिहिलं तर काय बिघडलं?' हा प्रश्न मला ज्युनिअर मुलं नेहमी विचारतात. आजच्या तारखांसाठी फारसं बिघडत नाही. पण जुनी तारीख आली की बिघडतं.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईने मात्र स्वतःची वेळ त्यानंतरही बराच काळ सोडली नाही. 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत वापरात राहिला. शिवाय दुसऱ्या महायुद्धात देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होता.

आता समजा, तुम्ही पत्रिकेचं ॲप बनवताय आणि कोणी आपल्या आजीची जन्मवेळ टाकली: १० जानेवारी १९४३, सकाळचे सहा. कोडमध्ये थेट +५:३० लिहिलेलं असेल तर गणित एका तासाने चुकलं. पत्रिकेत लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, म्हणजे एका तासाने पूर्ण पत्रिका वेगळी निघू शकते. पत्रिकेवर तुमचा विश्वास असो वा नसो, गणित तरी बरोबर हवं. 'एशिया/कोलकाता' हे नाव वापरलं की युद्धकाळातला तो तास डेटाबेस स्वतः हिशेबात धरतो. बॉम्बे टाइम मात्र त्यात सापडणार नाही, कारण हा डेटाबेस मुख्यतः १९७० नंतरचे फरक वेगळे ठेवण्यासाठी बनलेला आहे.

तीन प्रकारची वेळ, तीन प्रकारची साठवण

'सगळं यूटीसीत साठवा' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे. मी कुठलाही नवीन कॉलम बनवताना आधी एक प्रश्न विचारतो: ही वेळ नक्की कुठल्या प्रकारची आहे?

पहिला प्रकार: घडून गेलेला क्षण. पेमेंट झालं, मेसेज आला, फोटो अपलोड झाला. हे यूटीसीत किंवा टाइमस्टॅम्प म्हणून ठेवा. इथे तो सल्ला शंभर टक्के लागू पडतो.

दुसरा प्रकार: नुसती तारीख. जन्मतारीख, सुट्टीची तारीख, अर्जाची तारीख. हिला तास-मिनिटं नसतात, म्हणून टाइम झोनही नसतो. २६ जानेवारीला जन्मलेला माणूस अमेरिकेत गेला म्हणून त्याचा वाढदिवस २५ ला येत नाही. ही नुसती तारीख म्हणूनच साठवा. हिचं यूटीसी करायला गेलात की गडबड झालीच म्हणून समजा.

तिसरा प्रकार: पुढे ठरलेली, घड्याळाला बांधलेली वेळ. पुढच्या वर्षीची मीटिंग, रोज सकाळी सहाचा अलार्म, परदेशातला कार्यक्रम. इथे स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवा. कारण आज काढलेला यूटीसी आकडा उद्या त्या सरकारने नियम बदलला की चुकीचा ठरतो. मीटिंग 'बैरूतमध्ये सकाळी १० वाजता' ठरलेली असते, 'अमुक इतक्याव्या सेकंदाला' नाही.

दुसऱ्या प्रकाराची काळजी घेतली नाही तर काय होतं, ते मी एका शाळाप्रवेशाच्या ॲपमध्ये जवळून पाहिलं आहे. पालक फॉर्ममध्ये मुलाची जन्मतारीख १५ जून निवडायचे. ॲप त्याचा अर्थ घ्यायचं 'भारतातली १५ जूनची मध्यरात्र'. सेव्ह करताना ते यूटीसीत बदलायचं, म्हणजे १४ जूनची संध्याकाळ ६:३०. सर्व्हर त्यातली फक्त तारीख उचलायचा: १४ जून. पालकांनी नंतर पत्ता दुरुस्त करायला फॉर्म पुन्हा उघडून सेव्ह केला की १४ चे १३ व्हायचे. जितक्या वेळा सेव्ह, तितके दिवस मागे. जन्मदाखल्यावर एक तारीख आणि फॉर्मवर दुसरी, त्यामुळे पडताळणीच्या खिडकीवरून लोक परत जायचे. वयाची अट असते तिथे एक दिवस म्हणजे पूर्ण एक वर्ष असतं. आणि त्या पालकांना शेवटपर्यंत वाटत होतं की तारीख भरताना आपलंच काहीतरी चुकलं.

फॉरमॅटिंग सगळ्यात शेवटी

नियम असा: आत येताना क्षणात बदला, आत सगळा हिशेब क्षणातच करा आणि स्क्रीनवर दाखवायच्या अगदी शेवटच्या पायरीला वेळेत बदला. मध्येच मजकूर बनवून तो पुन्हा वाचत बसू नका.

दाखवताना तीन वेगळ्या गोष्टी ठरवायच्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

पहिली, टाइम झोन: कुठल्या घड्याळाने दाखवायचं. मेसेजची वेळ वाचणाऱ्याच्या झोनमध्ये दाखवा. विमान सुटायची वेळ मात्र विमानतळाच्या झोनमध्ये. न्यूयॉर्कहून सुटणाऱ्या विमानाची वेळ पुण्यात बसलेल्या माणसालाही न्यूयॉर्कचीच दिसली पाहिजे. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची वेळ असेल तर ती भारताच्या झोनमध्ये आणि शेजारी 'भारतीय वेळ' असं स्पष्ट लिहून.

दुसरी, लोकेल: कुठल्या भाषेत आणि कुठल्या पद्धतीने दाखवायचं. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. लोकेल आणि झोन यांचा एकमेकांशी संबंध नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावशीच्या फोनची भाषा मराठी असू शकते, पण झोन 'अमेरिका/न्यूयॉर्क'च असतो. भाषेवरून झोन ओळखायचा प्रयत्न करू नका.

तिसरी, पॅटर्न: काय काय दाखवायचं. जावा आणि कोटलिनमध्ये पॅटर्नची अक्षरं स्मॉल की कॅपिटल यावर अर्थ बदलतो. कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिट. कॅपिटल एच म्हणजे २४ तासांचं घड्याळ, स्मॉल एच म्हणजे १२ तासांचं. वर्षासाठी स्मॉल वाय वापरा. कॅपिटल वाय हे आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष असतं. ते वर्षभर बरोबर दिसतं आणि शेवटच्या काही दिवसांत दगा देतं. ३१ डिसेंबर २०२४ ची तारीख त्याने ३१ डिसेंबर २०२५ अशी दाखवली असती.

मशीनला पाठवायची वेळ वेगळीच. सर्व्हरला तारीख पाठवताना आयएसओ ८६०१ या पद्धतीने पाठवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये टी हे अक्षर, मग वेळ आणि शेवटी ऑफसेट. ऑफसेटच्या जागी झेड हे अक्षर असेल तर त्याचा अर्थ 'ही वेळ यूटीसी आहे'. काही जण पॅटर्नमध्ये हे झेड अवतरण चिन्हात टाकतात आणि फोनची स्थानिक वेळ त्याच्यासमोर छापतात. म्हणजे दुधाच्या पिशवीवर 'ताक' लिहिल्यासारखं. सर्व्हर लेबलवर विश्वास ठेवतो आणि वेळ साडेपाच तास पुढे जाते.

मराठी फोनवरच फुटणारा बग

हा भाग खास आपल्यासाठी. फोनची भाषा मराठी ठेवली की तारखेचे अंक देवनागरीत येतात: १ जानेवारी, २०२६. माणसाला दाखवायला हे मस्तच आहे. पण डेव्हलपरने सर्व्हरला पाठवायची तारीखही फोनच्याच लोकेलमध्ये बनवली, तर सर्व्हरकडे देवनागरी अंक जातात, त्याला ते वाचता येत नाहीत आणि फॉर्म अडकतो. इंग्रजी भाषेच्या फोनवर टेस्ट केलेल्या ॲपमध्ये हे कधीच सापडत नाही. मग मराठी वापरणाऱ्याला सल्ला मिळतो: 'फोन इंग्रजीत करून बघा.' हा उपाय नाही. उपाय कोडमध्ये आहे: मशीनसाठीच्या तारखेला 'रूट' लोकेल द्या, माणसासाठीच्या तारखेला फोनचं लोकेल द्या.

फरक सांगा, चूक सांगतो

वेळेच्या बगमध्ये एक चांगली गोष्ट असते. वेळ किती चुकली यावरून कुठे चुकली ते बहुतेक वेळा कळतं. ही यादी जवळ ठेवा:

- साडेपाच तास मागे: यूटीसी वेळ झोन न बदलता तशीच दाखवली.
- साडेपाच तास पुढे: ऑफसेट दोनदा मिळवला, किंवा भारतीय वेळेला यूटीसीचं लेबल लावलं.
- ११ तासांचा फरक: अधिक करायच्या जागी वजा केलं. जावास्क्रिप्टमधलं गेट-टाइमझोन-ऑफसेट हे फंक्शन भारतात -३३० मिनिटं असं उलट्या चिन्हाचं उत्तर देतं, तिथे हे हमखास होतं.
- १२ तासांचा फरक: पॅटर्नमध्ये स्मॉल एच आहे आणि सकाळ-संध्याकाळ छापलेली नाही.
- एक तासाचा फरक, तोही फक्त अमेरिका-युरोपात: झोनच्या नावाऐवजी ठरावीक ऑफसेट लिहिलाय.
- २३ मिनिटांचा फरक: पायथनमध्ये पायटीझेड लायब्ररीचा झोन थेट तारखेला जोडला. तेव्हा ती कोलकात्याची १९ व्या शतकातली स्थानिक वेळ, म्हणजे +५:५३ उचलते.
- एक दिवसाचा फरक: नुसत्या तारखेला क्षण समजून झोन बदलला.
- प्रत्येक गोष्ट पहाटे ५:३० ला: नुसती तारीख यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचली.
- १ जानेवारी १९७०: वेळ मिळालीच नाही, शून्य आलं.
- २१ जानेवारी १९७० किंवा त्याच्या आसपास: सेकंदांचा आकडा मिलिसेकंद समजून वाचला.

कोणत्या भाषेत काय वापरायचं

जावा आणि कोटलिनमध्ये जुने डेट आणि कॅलेंडर हे क्लास सोडा. जावा ८ पासून आलेलं 'जावा डॉट टाइम' वापरा. त्यात आपल्या तिन्ही प्रकारांना वेगळे क्लास आहेत: क्षणासाठी इन्स्टंट, तारखेसाठी लोकल-डेट आणि झोनसह वेळेसाठी झोन्ड-डेट-टाइम. एकदा योग्य क्लास निवडला की अर्ध्या चुका कंपायलरच पकडतो.

जावास्क्रिप्टमध्ये एक विचित्र नियम लक्षात ठेवा. आयएसओ पद्धतीची नुसती तारीख दिली तर ती यूटीसी समजली जाते, पण तारखेसोबत वेळ दिली आणि ऑफसेट दिला नाही तर ती स्थानिक समजली जाते. म्हणून नुसती तारीख भारतात बरोबर दिसते आणि तेच कोड अमेरिकेत एक दिवस मागे दाखवतं. दाखवण्यासाठी इंटल-डेट-टाइम-फॉरमॅट वापरा आणि त्यात टाइम झोन व लोकेल दोन्ही स्वतः द्या.

पायथनमध्ये ३.९ पासून झोन-इन्फो हे मॉड्यूल सोबतच मिळतं, ते वापरा. यूटीसी-नाऊ हे फंक्शन टाळा. ते यूटीसी वेळ देतं, पण 'ही यूटीसी आहे' हे तिच्यावर लिहितच नाही. पायथन ३.१२ पासून ते वापरू नका असा इशाराच येतो. त्याऐवजी नाऊ या फंक्शनला यूटीसी झोन द्या.

डेटाबेसमध्येही नीट बघा. पोस्टग्रेसमधला 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' हा प्रकार नावाप्रमाणे झोन साठवत नाही. तो वेळ यूटीसीत ठेवतो आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये देतो. तिसऱ्या प्रकारच्या वेळेसाठी झोनच्या नावाचा वेगळा कॉलम लागतोच. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प हा प्रकार यूटीसीत बदलून ठेवतो, डेटटाइम मात्र जे दिलं ते तसंच ठेवतो.

आणखी एक. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर. 'आजची विक्री' किंवा 'सलग किती दिवस अभ्यास केला' असा हिशेब सर्व्हरच्या तारखेने केला, तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधलं सगळं कालच्या दिवसात जातं. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या मुलाची स्ट्रीक तुटते ती अशी. 'आज' म्हणजे कुणाचा आज, हे कोडला सांगावं लागतं.

टेस्ट कशी करायची

फोनच्या सेटिंगमध्ये टाइम झोन हाताने बदला आणि ॲप तीन ठिकाणी 'नेऊन' बघा: लॉस एंजेलिस, म्हणजे यूटीसीच्या मागचा झोन, काठमांडू, म्हणजे +५:४५ असा पाऊण तासाचा झोन, आणि किरिटिमाती, जिथे वेळ यूटीसीच्या १४ तास पुढे आहे. जन्मतारीख तिन्हीकडे तीच दिसली पाहिजे. मग फोनची भाषा मराठी करून एक फॉर्म भरा. शेवटी वेळ रात्री एकची करून 'आज'चा हिशेब तपासा. एवढ्या तीन गोष्टी पंधरा मिनिटांत होतात आणि वरच्या यादीतल्या बऱ्याच चुका पकडतात.

कोडिंग करत नसाल तर

फोनमधली 'ऑटोमॅटिक तारीख आणि वेळ' सेटिंग चालू ठेवा. परदेशात गेल्यावर काही जण झोन भारताचाच ठेवतात आणि घड्याळाचे काटे पुढे-मागे करतात. तसं करू नका, झोन बदला. काटे बदलले की फोनचा यूटीसीचा हिशेबच चुकतो. मग ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड चालत नाहीत, कारण ते सहसा दर ३० सेकंदांनी यूटीसीवरूनच बनतात. वेबसाइट्सही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागतात.

आणि एखाद्या ॲपने तुमची जन्मतारीख एक दिवस मागे दाखवली किंवा वेळ साडेपाच तासांनी चुकवली, तर नुसतं 'ॲप खराब आहे' असं लिहून एक स्टार देऊ नका. किती फरक पडला, फोनचा झोन कुठला आणि भाषा कुठली, या तीन गोष्टी लिहून कळवा. तेवढ्यावरून समोरचा इंजिनिअर बहुधा चहा संपायच्या आत चूक शोधून काढेल.